मागचं पान आधी

"आलं का गं?" कुमुदताईंनी विचारलं.

"येतंय."

"मघाशीही येतच होतं."

स्क्रीनवर ते गोल चाक फिरत होतं. माझ्या पाठीमागे पाटणहून आलेलं एक जोडपं खुर्च्या पुढे ओढून बसलं होतं. मुलगा एसटीत मेकॅनिक, त्याच्यासाठी मुलगी बघायला आलेले. बाप मनातल्या मनात आकडे मोजत होता, ते त्याच्या ओठांवरून कळत होतं. आई त्या चाकाकडे अशा भक्तीने बघत होती, की सून त्यातूनच बाहेर पडणार असावी.

"बावन्न," बाप म्हणाला. "बावन्न सेकंद झाली, ताई. आमच्याकडं डेअरीत मशीन हाय, दूध ओतायचा अवकाश, फॅट दिसतंय."

कुमुदताई उठल्या, लोखंडी कपाटातून तीन निळ्या फायली काढल्या आणि टेबलावर पत्ते टाकावेत तशा टाकल्या. "ही मलकापूरची. बीकॉम, पाच फूट तीन. ही उंब्रजची, वडील शिक्षक. आणि ही..." तिसरी फाईल मिटेपर्यंत माझ्या स्क्रीनवर पहिल्या मुलीचा फोटो वरून भुवयांपर्यंत उतरला होता.

जोडपं गेलं. कुमुदताईंनी फायली परत लावल्या, कपाटाला पाठ टेकली आणि माझ्याकडे बघितलं.

"सुलू, रविवारी चारशे माणसं येणार आहेत. चारशे जणांना काय कपाळं दाखवायची?"

तो गुरुवार होता. दोन हजार तेरा सालचा फेब्रुवारी. कराडला शनिवार पेठेत कुमुदताई धनवड्यांचं 'जुळवणी वधू-वर सूचक केंद्र' होतं, आणि रविवारी त्यांचा मेळावा. या वर्षी फायली न्यायच्या नाहीत, सगळं कॉम्प्युटरवर दाखवायचं, असं त्यांनी पत्रकात छापून टाकलं होतं, मला विचारण्याच्या आधी. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते. माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा पाच कॉम्प्युटर उरले होते. त्यांच्यासमोर बसून मी वेबसाइट करायला शिकले. शिकवायला कुणी नव्हतं. अडलं की इंटरनेटवर शोधायचं. जगात कुठेतरी कुणीतरी नेमकं तिथंच अडलेलं असायचं, त्याला चार जणांनी उत्तर दिलेलं असायचं, आणि ती चारही उत्तरं एकमेकांशी भांडत असायची.

चूक माझीच होती, आणि ती मी कुमुदताईंकडे बघून केली होती. त्या सकाळी दहाला कपाट उघडायच्या ते संध्याकाळी सातलाच बंद करायच्या. मीही पान तसंच बांधलं. उघडलं की अकराशे मुलामुलींचं सगळं, म्हणजे फोटो, शिक्षण, पत्रिका, मामाचं गाव, एकदम आणायचं. घरी बारा खोटी नावं घालून बघितलं तेव्हा ते चुटकीसरशी यायचं. अकराशे खऱ्या माणसांचं वजन मी धरलंच नव्हतं.

आता प्रश्न एवढाच होता, की पान उघडल्याबरोबर काय आणायचं आणि काय नंतर, मागितल्यावर. दिसायला सोपा. मी त्यावर तीन दिवस दातओठ खाल्ले.

"फाईलीत तुम्ही आधी काय दाखवता?" मी विचारलं.

"पुढचं पान. फोटो, शिक्षण, उंची, नोकरी, घरची माणसं."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं मागच्या पानावर. ते चहा आल्यावर."

हे मला माहीत होतं, पण पुन्हा ऐकून घेतलं. मागच्या पानावर असायचं ते म्हणजे कुणाचं आधीचं लग्न मोडलेलं, कुणाला लहानपणी फिट यायची, कुणाचा भाऊ घर सोडून गेलेला. कुमुदताई बघण्याच्या कार्यक्रमाला स्वतः जायच्या, फाईल काखेत घेऊन. मुलगी दिसली, बोलली, चहाचे कप हातात आले, की त्या पदर सावरून म्हणायच्या, "एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली."

"हातात गरम कप असला की माणूस ताडकन उठत नाही," त्या म्हणाल्या. "तोवर त्याने पोरीचा चेहरा बघितलेला असतो, आवाज ऐकलेला असतो. मग मागचं पान बारीक दिसतं. तीस वर्षं करतेय मी हे. तुझ्या यंत्राला एवढं जमलं तरी पुष्कळ झालं."

"जमवते."

"जमवच. हेमासाठी तरी."

हेमांगी थोरात नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात ज्युनियर इंजिनियर होती. वय तेहतीस. सातव्या वर्षापासून मधुमेह, आणि गोळ्यांवर भागणारा नव्हे, रोज चार इंजेक्शनं घ्यावी लागणारा. आतापर्यंत अकरा ठिकाणांहून नकार. मेळाव्याला येईन, पण हे शेवटचं, असं तिने कुमुदताईंना बजावलं होतं. या वेळी जमलं नाही तर ती फाईल घरी घेऊन जाणार होती आणि पुन्हा कुणापुढे बसणार नव्हती.

"तिच्या वडिलांना मी शब्द दिलाय," कुमुदताई म्हणाल्या. "ते गेले. शब्द राहिला."

शुक्रवारी दुपारपर्यंत मी सगळं उलगडून पुन्हा शिवलं. पान उघडलं की पहिली पंचवीस माणसं आणायची, तीही बारीक फोटोंसकट. खाली सरकलं तर पुढची पंचवीस. नावावर क्लिक केलं की पुढचं पान. आणि तिथल्या 'अधिक माहिती' या बटणावर क्लिक केलं तरच मागचं. यादी आता चार सेकंदांत येत होती. मी स्वतःवर खूश होऊन डबा उघडला, तेवढ्यात पाटणचं जोडपं परत आलं. त्यांना उंब्रजची मुलगी पुन्हा बघायची होती.

यादी आली. मुलगी आली. बापाने मान डोलावली. आईने माझ्या खांद्यावरून बोट दाखवलं, "ते काय, अधिक माहिती?"

मी क्लिक केलं. चाक फिरायला लागलं.

"काय शोधतंय ते?" आईने विचारलं.

"काही नाही, येतंय."

"मघाचं तर पटापटा आलं. ह्येच कसं अडलं?" ती नवऱ्याकडे वळली. "कायतरी लपवल्यालं असणार. लपवल्यालं काढायला येळ लागतोय."

नऊ सेकंदांनी पान आलं. त्यावर एवढंच होतं की मुलीला चष्मा आहे. पण नऊ सेकंदांत त्या बाईने मुलीला दोन नवरे आणि एक पोर चिकटवून टाकलं होतं. चष्म्यावर तिचा विश्वास बसला नाही. ती दोघं उठून गेली.

कुमुदताई मला ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसता माझा डबा झाकला, कारण त्यावर माशी बसत होती. ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

आधी सगळं आणलं तर सगळंच अडतं, मागितल्यावर आणलं तर संशय येतो. इंटरनेटवरची चार उत्तरं चार दिशांना ओढत होती. संध्याकाळी साडेपाचला, टेबलावर कपाळ टेकवून बसलेली असताना, मला कुमुदताईंचा चहा आठवला. चहा काही पाहुण्यांनी मागितल्यावर टाकत नाहीत. पाहुणे गप्पांत रमले की आत आधण ठेवलेलं असतं. मग मी तेच केलं. बघणारा पुढच्या पानावर वीस सेकंद रेंगाळला, तर मागचं पान गुपचूप आणून ठेवायचं. दाखवायचं नाही, फक्त आणून ठेवायचं. क्लिक झालं की हजर.

कुमुदताईंनी पाच वेळा क्लिक करून बघितलं. पाचही वेळा पान तिथल्या तिथे उघडलं.

"म्हणजे आत चहा ठेवला म्हण की," त्या म्हणाल्या.

"ठेवला."

"शहाणी माझी." त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला. दोन दिवसांत पहिल्यांदा माझा जबडा सैल पडला. मला वाटलं, झालं काम.

शनिवारी प्रत्येकाला आपापलं पान बघून जायला बोलावलं होतं. तीनच्या सुमारास हेमांगी आली. कुठलीशी पाइपलाइन फुटलेली बघून थेट आली होती. बुटांना चिखल, ओढणीची कमरेला गाठ. बूट दाराबाहेर काढून ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"दाखवा, ताई. मी कशी दिसतेय बघू."

मी तिचं पान उघडलं. फोटो छान होता. एम. ई., सरकारी नोकरी, पाच फूट पाच, ट्रेकिंगची आवड. ती वाचत खाली गेली.

"यात माझी शुगर कुठं आहे?"

"ती मागच्या पानावर."

तिने क्लिक केलं. पान टचकन आलं. मला राहवलं नाही, मी तिला सगळी युक्ती सांगितली. वीस सेकंद, गुपचूप आणून ठेवणं, सगळं. पाणी सोडणाऱ्या इंजिनियरला वेगळं समजवावं लागलं नाही. कुठल्या पेठेला कधी व्हॉल्व्ह उघडायचा, हेच तिचं काम होतं.

"म्हणजे वीस सेकंद मी, आणि नंतर ते," ती म्हणाली.

"हो."

"वीस सेकंदांत माझ्यावर मन बसेल, असा तुमचा अंदाज."

कुमुदताई टेबलापलीकडून म्हणाल्या, "चेहरा बघितल्यावर माणूस विचार करतो, बाळ."

"काकू, करतो ना. चहा अर्धा ठेवून करतो." ती अजिबात चिडली नव्हती. हिशेबाला बसल्यासारखी बोलत होती. "ताई, तुम्हाला माझ्या शुगरचं काही माहीत आहे का? खायच्या आधी पंधरा मिनिटं मला इंजेक्शन घ्यावं लागतं. आता कार्यक्रमात पोहे असतात. मी नाही खाल्ले तर मुलीला खाणं जात नाही म्हणतात. म्हणून खायचे. मग त्याआधी इंजेक्शन घ्यायचं. पण सगळ्यांपुढे घेता येत नाही, कारण काकूंचं मागचं पान अजून उघडलेलं नसतं. म्हणून मोरीत जाऊन घ्यायचं. नळ सोडून, साडी सावरत."

कुमुदताई टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या.

"वडूजच्या स्थळाच्या वेळी मी घेऊन बाहेर आले. चहा आधी आला, पोहे मागून यायचे होते. काकूंनी सांगितलं, बारीकशी गोष्ट आहे. त्यांनी कप खाली ठेवले आणि उठले. पोहे आलेच नाहीत. मी इंजेक्शन घेऊन बसलेली, पोटात काही नाही, शुगर भराभर उतरायला लागलेली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. पाहुण्यांना निरोप द्यायला बाबा दारात, आई दारात, काकू दारात. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून डब्यातली साखर मुठीने खातेय. हात एवढा थरथरत होता की निम्मी साखर साडीवर."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," कुमुदताई म्हणाल्या.

"तुम्ही दारात होतात." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "ताई, माझं मागचं पान आधी आणा. यादीतच. नावाखाली. ज्याला उठायचंय त्याने आमच्या घरी बसायच्या आधी उठावं."

"मग तुझ्या नावावर कुणी क्लिकच करणार नाही," कुमुदताई म्हणाल्या.

"नको करू दे."

मला एक गोष्ट सांगणं भाग होतं. "हेमांगी, फोटो जड असतो आणि ओळ हलकी असते. उद्या हॉलवर डोंगलचं संथ इंटरनेट आहे. ओळ आधी येणार. तुमचा चेहरा मागून, कदाचित दहा सेकंदांनी. लोक तुम्हाला बघायच्या आधी तुमचा आजार वाचतील."

तिने स्क्रीनवरच्या आपल्या फोटोकडे एकदा बघितलं. "येऊ दे," म्हणाली.

"अजिबात नाही," कुमुदताई उठून उभ्या राहिल्या. "हे केंद्र माझं आहे. मी तीस वर्षं माणसं जोडतेय. माझ्या पद्धतीने आजवर कुणाचं वाईट झालं असेल तर सांग ना. सांग, एक तरी नाव सांग."

विचारलं त्यांनी हेमांगीला, पण नजर मध्येच माझ्यावर आली आणि अडखळली. मी कीबोर्ड उचलून त्यातली धूळ झटकायला लागले.

"मग माझी फाईल द्या, काकू," हेमांगी म्हणाली. "उद्यापर्यंत कशाला थांबायचं."

बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

"मी करते तसं," मी म्हणाले.

"सुलू."

"ज्याला पाहिजे त्याचं मागचं पान पुढे येईल. ज्याला नको त्याचं मागेच राहील. ज्याचं त्याने ठरवायचं, ताई. तुम्ही नाही आणि मीही नाही."

"करा, काय करायचं ते करा," कुमुदताई म्हणाल्या. "आणि उद्या रडत माझ्याकडे येऊ नका."

एका माणसाची एक ओळ पुढे आणायला मला संध्याकाळचे सात वाजले. हेमांगीची ओळ यादीत घातली की बाकीच्यांचे फोटो गायब. फोटो परत आणले की हेमांगी दोनदा. एकदा तर तिची ओळ मलकापूरच्या बीकॉम मुलीखाली जाऊन बसली. मी कॉम्प्युटरला काय काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही. कुमुदताई तोवर थांबल्या होत्या. बोलत नव्हत्या, पण थांबल्या होत्या. शेवटी ओळ जागेवर बसली. ती हेमांगीने स्वतः लिहून दिली होती: 'मला सातव्या वर्षापासून मधुमेह आहे. रोज चार इंजेक्शनं घेते. नोकरी करते, गाडी चालवते, गड चढते. बाकीचं विचारा.'

रविवारी मंगल कार्यालयात खरंच चारशे माणसं आली. दोन कॉम्प्युटर मुलांची पानं दाखवायला होते, एक मुलींची दाखवायला. तो माझ्याकडे. हेमांगी माझ्या शेजारी बसली, मदतनीस म्हणून. जिचा फोटो स्क्रीनवर येतोय तीच ही बाई, हे बघायला कुणी मान वळवत नव्हतं.

डोंगलने मी सांगितलं होतं तसंच केलं. नाव यायचं, ओळ यायची, आणि फोटोच्या जागी राखाडी चौकोन. लोक ओळ वाचायचे.

"चार इंजेक्शनं? पुढं घ्या."

"सरकारी नोकरी आहे, पण... जाऊ दे, पुढं."

एक म्हातारी म्हणाली, "अगं बाई, पोर होईल का हिला?" तिच्या मुलाने उत्तर न देता पुढचं नाव दाखवलं. चौकोनात हेमांगीचा चेहरा उमटायला लागायचा, तोपर्यंत ते पुढच्या मुलीवर गेलेले असायचे. दुपारी दीडपर्यंत एकानेही तिच्या नावावर क्लिक केलं नाही. कुमुदताई दर अर्ध्या तासाने स्टेजवरून येऊन माझ्या मागे उभ्या राहायच्या, आणि काही न बोलता निघून जायच्या.

मला जेवण गेलं नाही. ती ओळ काढायला दोन क्लिक पुरे होते. ती काढली असती तर पुढच्या माणसाने निदान तिचा चेहरा बघितला असता. हेमांगी पाणी प्यायला मान वर करून बसली होती तेव्हा मी माउसवर हात ठेवला.

"हात काढा, ताई," ती बाटलीचं झाकण लावत म्हणाली.

"तुमच्या भल्यासाठीच..."

"काकूही हेच म्हणतात."

मी हात काढला.

तीन वाजून गेल्यावर विट्याचा एक माणूस आला, मोठ्या बहिणीला घेऊन. उमाकांत शिंगटे. अडतिसाचा, शेतीपंपांचं दुकान. बहीण भराभर नावं सरकवायला सांगत होती. हेमांगीचं नाव आलं, ओळ आली, चौकोन आला.

"पुढं चला," बहीण म्हणाली.

"थांब की अक्का." त्याने ओळ पुन्हा वाचली. फोटो अजून आलाच नव्हता. मग मला विचारलं, "हे असं खाली लिहायचं असेल तर कुणाला सांगावं लागतं?"

"मलाच. तुमचं पान तिकडच्या कॉम्प्युटरवर दिसतं, पण ओळ इथूनही घालता येते."

"मग त्यात घाला. यांनी स्वतःचं लिहिलंय, तर माझंही त्यांनी वाचायला पाहिजे ना आधी."

बहिणीने त्याचा दंड धरला. "उमा, काही बोलू नको हां."

पण तो बोलला, आणि मी टाइप करत गेले. आईला तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला. तिचं सगळं अंथरुणातच. दिवसा दुकान सोडता येत नाही. बायको नोकरी न करणारी हवी, घरी थांबणारी. विटा सोडणार नाही.

"झालं. आता या बाई कुठं भेटतील?"

"मीच," हेमांगी म्हणाली.

तो दचकला. मग नमस्कार केला. स्क्रीनवर तिचा फोटो आता हनुवटीपर्यंत आला होता, पण त्याला तो बघायची गरज उरली नव्हती. हेमांगीने माझ्यासमोरची ओळ वाचली. एकदाच.

"नोकरी मी सोडणार नाही," ती म्हणाली. "म्हणून नको. आईंना बरं वाटू दे."

"बरं," तो म्हणाला. थोडा ओशाळला, पण चेहऱ्यावरचा ताणही उतरला. "बरं झालं बघा. मागं एका ठिकाणी हे निघेपर्यंत पत्रिका छापायला टाकल्या होत्या."

"विट्याला पाणी दिवसाआड येतं ना अजून?" हेमांगीने विचारलं.

"दोन दिवसाआड."

"टाकीला फ्लोट लावून घ्या, भरून वाहणार नाही. आईंच्या कपड्यांना पाणी लागत असणार."

तो हसला, बहिणीला घेऊन गेला. सगळं मिळून चार मिनिटं झाली नसतील.

कुमुदताईंनी ते स्टेजवरून बघितलं असावं. पायऱ्या उतरून तरातरा आल्या. "काय म्हणाला?"

"काही नाही. मीच नको म्हणाले."

"तू? अगं, दिवसभरात एक माणूस थांबला आणि तू त्याला..." त्या माझ्याकडे वळल्या. "तीन दिवस डोकं फोडून घेतलंस ते यासाठी?"

मलाही तेच वाटत होतं. खरं सांगते, मला रडायला येत होतं, आणि ते हेमांगीसाठी होतं की फुकट गेलेल्या तीन दिवसांसाठी, हे मला तेव्हा कळलं नाही.

"काकू, अकरा वेळा मी बसले," हेमांगी म्हणाली. "नाही म्हणायची माझी पाळी कधी आलीच नव्हती. मला कुणी आधी काही सांगितलंच नव्हतं, मग कशाला नाही म्हणणार?" आणि ती उठून पलीकडच्या टेबलावर गेली, जिथे मुलांची पानं होती. "मला यांची बघू द्या आता."

पाच वाजून गेले होते. हॉल रिकामा होत होता. कार्यालयाचा मुकादम खुर्च्या एकात एक घालत आमच्या दिशेने येत होता. हेमांगीने स्वतः माउस हातात घेतला आणि एकेक मुलगा उघडायला लागली. पुढचं पान वाचायची आणि मान वर करून विचारायची, "याचं मागचं?"

कुमुदताईंनी आधी 'क्लिक कर की' म्हणून बघितलं. पण क्लिक केल्यावर जे यायचं ते मुलाच्या घरच्यांनी लिहून दिलेलं, घासूनपुसून. हेमांगी तिथेच थांबून राहायची, कुमुदताईंकडे बघत. तिसऱ्या मुलाला कुमुदताई खुर्ची ओढून बसल्या.

"याचं आधीचं लग्न सहा महिन्यांत मोडलं. लिहिलंय आजारपणामुळे. आजारी कुणी नव्हतं. सासू मारायची."

"आणि हा?"

"हा चांगला आहे. तोतरा बोलतो, म्हणून फोनवर येत नाही. बाकी काही नाही."

हेमांगीने कागदावर त्याचं नाव लिहून घेतलं. पुढचं पान उघडलं. उंच मुलगा, सांगलीचा, पुण्याला कंपनीत. फोटो आधीच येऊन बसलेला, हसरा.

"याचं?"

कुमुदताईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. मग हळू म्हणाल्या, "याचं पुण्यात कुणीतरी आहे. घरात सगळ्यांना माहीत आहे. मलाही सांगितलंय. लग्न झालं की विसरेल म्हणतात."

मी वायर गुंडाळत होते. हात थांबला. अठरा वर्षांपूर्वी माझं लग्न कुमुदताईंनीच जुळवलं होतं. तेव्हा मे महिना होता, आमच्या घरी सगळ्यांना पन्हं दिलं. चहा झालाच नाही. फाईल त्यांच्या काखेतच राहिली, मागचं पान उघडलंच नाही, आणि त्यांचीही त्या दिवशी घाई होती. चौथ्या वर्षी माझा नवरा पुण्याला गेला तो तिकडचाच झाला. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. त्यांनीही कधी काही सांगितलं नाही. इन्स्टिट्यूट बंद पडल्याचं कळलं त्या आठवड्यात मात्र त्या आल्या होत्या, माझ्यासाठी काम घेऊन.

"आणि नाही विसरला तर?" हेमांगीने विचारलं.

कुमुदताई तिच्याकडे बघत नव्हत्या. मी गुंडाळत होते त्या वायरकडे बघत होत्या.

"नाही विसरत," त्या म्हणाल्या. "नाही विसरत, बाळ. सुलू, हे पान काढून टाक."

मी बसले आणि काढलं. मुकादमाने आमच्या डोक्यावरचा पंखा बंद केला आणि विचारलं, अजून किती वेळ. हेमांगीने त्याच्याकडे न बघता माउस माझ्या हातातून परत घेतला.

"पुढचा," ती म्हणाली.